लेस्टर : ‘येऊ नका’ म्हटल्यावर वसलेले शहर

इंग्लंडच्या मध्यभागातील लेस्टर या सुमारे 3 लाख 68 हजार वस्तीच्या शहरात 2021च्या जनगणनेनुसार कोणत्याही एका वांशिक गटाचे बहुमत उरलेले नाही. आशियाई वंशाचे, म्हणजे तिथल्या जनगणनेच्या परिभाषेत प्रामुख्याने भारतीय उपखंडातून आलेले, रहिवासी 43.4 टक्के आहेत, गोरे 40.9 टक्के आहेत आणि परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण 41 टक्क्यांच्या घरात जाते. ब्रिटिश पुढारी या शहराचा दाखला सलोख्याचा आदर्श म्हणून देत आले असले, तरी ही वस्ती कोणाच्या औदार्यातून उभी राहिलेली नाही. कारखान्यांना लागणारे हात, स्वस्त घरे आणि आधी आलेल्या नातलगांचा आधार ही तिची खरी कारणे आहेत.

लेस्टरचा मूळ धंदा मोजे, बनियन आणि लोकरी कपडे विणण्याचा, म्हणजे होजिअरीचा, आणि त्याच्या जोडीला पादत्राणांचा. या धंद्यात बायकांना पूर्वीपासून काम मिळत असल्यामुळे एका घरात दोन पगार येत, ही गोष्ट नव्याने आलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने फार मोलाची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडचे निर्वासित, कॅरिबियन बेटांवरील लोक, पंजाबी आणि गुजराती असे एकामागून एक येत गेले, आणि गिरण्यांच्या आसपासच्या, एकमेकींना खेटून बांधलेल्या विटांच्या दुमजली घरांतून जुने रहिवासी उपनगरांत सरकू लागले, तसतशी ती घरे नवागतांना परवडू लागली.

ऑगस्ट 1972मध्ये युगांडाचा लष्करशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाईंना 90 दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यांच्यातील अनेकांकडे ब्रिटिश पारपत्रे होती, आणि लेस्टरमध्ये ओळखीचे लोक आधीपासून असल्यामुळे त्यांचा ओढा त्याच शहराकडे असणार, हे नगर परिषदेने ओळखले. तिने सप्टेंबरमध्ये ‘युगांडा आर्गस’ या कंपालाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन घरे, शाळा आणि आरोग्यसेवा यांवर आधीच ताण असल्याचे कारण पुढे केले आणि लेस्टरला येऊ नका, असे बजावले. ज्यांनी या शहराचे नावही ऐकलेले नव्हते, त्यांनाही ते या जाहिरातीमुळे कळले, असे पुढे बोलले जाऊ लागले. निर्वासित मात्र हजारोंच्या संख्येने आलेच, आणि बेलग्रेव्ह रोडवर सराफांची, साड्यांची आणि फरसाणाची दुकाने वाढत गेली. आता त्याच रस्त्यावरील दिवाळीच्या रोषणाईची जाहिरात शहर स्वतः करते.

या दोन जाहिरातींच्या मधला काळ मात्र गौरवग्रंथांत सहसा दोन ओळींत उरकला जातो. 1974मध्ये इम्पीरियल टाइपरायटर्स या कारखान्यात आशियाई कामगारांनी बोनसच्या हिशेबातील भेदभावाविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांच्याच कामगार संघटनेच्या स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना पाठिंबा नाकारला. पुढच्या वर्षी कारखानाच बंद झाला. 1976च्या स्थानिक निवडणुकीत स्थलांतरितांना हाकलून देण्याची भाषा करणाऱ्या नॅशनल फ्रंटला सुमारे 18 टक्के मते पडली. नगर परिषदेचे धोरण बदलले ते या संघर्षानंतर, आणि आशियाई मतदार व नगरसेवक यांची संख्या दुर्लक्षिता येण्याजोगी न राहिल्यावर.

शहराच्या इमारतींमध्ये स्थलांतराचे हे थर स्पष्ट दिसतात. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या दर्शनी भागावर आता संगमरवरी कोरीवकाम आहे, कारण 1988मध्ये तिथे जैन मंदिराची प्रतिष्ठापना झाली. रोमन काळातील भिंतीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या कारखान्यात गुरुद्वारा आहे.

अलीकडचा एक थर गोव्याच्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. गोवा, दमण आणि दीव येथे 1961पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता येते, आणि ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत त्या पारपत्रावर इंग्लंडमध्ये राहून काम करण्यास मुभा होती. गोवेकर या मार्गाने अधिककरून स्विंडनकडे वळले, तर लेस्टरला प्रामुख्याने दमण-दीवचे गुजरातीभाषक आले. भाषा तीच असली, तरी आफ्रिकेतून आलेल्या, आता घरदार व दुकाने असलेल्या जुन्या गुजरात्यांशी त्यांचे आर्थिक नाते बरोबरीचे नाही: नवागतांच्या वाट्याला गुदामे, खाद्यपदार्थांचे कारखाने आणि छोटे शिवणखाने आले. शिवणखान्यांपैकी काहींत किमान वेतनही दिले जात नसल्याची प्रकरणे 2020च्या टाळेबंदीत देशभर गाजली.

ऑगस्ट-सप्टेंबर 2022मध्ये, भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर, पूर्व लेस्टरमध्ये हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले. त्याचे खापर कोणी उपखंडातील राजकारणावर, कोणी समाजमाध्यमांवरील अफवांवर फोडले. दाटीवाटीच्या घरांचा आणि तुटपुंज्या पगाराचा प्रश्न त्या वादात मागे पडला. 2024च्या संसदीय निवडणुकीत देशभर मजूर पक्षाची सरशी होत असताना लेस्टर पूर्वमध्ये हुजूर पक्षाच्या शिवानी राजा निवडून आल्या, तर लेस्टर दक्षिणमध्ये गाझाचा प्रश्न लावून धरणारे अपक्ष शॉकट अ‍ॅडम यांनी मजूर पक्षाच्या जोनाथन अ‍ॅशवर्थ यांना हरवले. पूर्वमध्ये मजूर पक्षाची मते फोडणाऱ्यांत कीथ वाझही होते: एडनमध्ये गोवेकर कुटुंबात जन्मलेले आणि 1987पासून 2019पर्यंत याच मतदारसंघाचे मजूर पक्षाचे खासदार राहिलेले वाझ या खेपेस वेगळ्या पक्षातर्फे उभे होते. स्थलांतरितांची मते आपलीच, हा मजूर पक्षाचा हिशेब एकाच शहरात, एकाच दिवशी, दोन विरुद्ध दिशांनी चुकला.