गुणिले, मांजर आणि भाताचं भांडं

जपानी कॉमिक्सच्या चाहत्या दोन पात्रांची नावं लिहितात आणि मधे गुणाकाराची फुली मारतात. वाचताना तिला ‘काकेरु’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘गुणिले’. 3 गुणिले 5 काय आणि 5 गुणिले 3 काय, उत्तर पंधराच. इथे मात्र नावं उलटसुलट लिहिलीत की भांडणच! पुरुषा-पुरुषांच्या प्रेमकथांमध्ये फुलीच्या डावीकडचा तो ‘सेमे’, उजवीकडचा ‘उके’. पुढाकार घेणारा आणि तो स्वीकारणारा.

सेमेरु म्हणजे चढाई करणं, उकेरु म्हणजे घेणं, झेलणं. ज्युदोच्या मॅटवरही उके असतोच. फेकणारा ‘तोरी’ आणि फेकला जाणारा ‘उके’. तिथे नवशिक्याला फेकण्याआधी पडायला शिकवतात. हात जमिनीवर कसा आपटायचा, मान कशी आत घ्यायची, या विद्येचं नाव ‘उकेमी’. उकेला नीट पडता आलं नाही, तर तोरीचा डाव कुणावर बसणार? प्रेमकथेतल्या उकेला बिचारा समजणाऱ्यांनी एकदा ज्युदोचा तास बघून यावा.

प्रत्यक्षातल्या समलिंगी स्त्री-पुरुषांचे शब्द वेगळे: पुढाकार घेणारा ‘ताची’ आणि स्वीकारणारा ‘नेको’. नेको म्हणजे मांजर. मांजरच का, याच्या कथा बऱ्याच आहेत आणि मला एकही पटलेली नाही. दोन्हीकडे रमणारा ‘रिबा’. हा इंग्रजी ‘रिव्हर्सिबल’चा तुकडा, उलटसुलट घालता येणाऱ्या जॅकेटसारखा. ताचीचं मूळ मात्र अनेक जण काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या रंगमंचावर शोधतात. तिथे पुरुषपात्राला ‘ताचियाकु’ म्हणतात, शब्दशः ‘उभी भूमिका’.

काबुकी सुरू केली ती ओकुनी नावाच्या बाईने, 1603 च्या सुमारास क्योतोत. 1629 मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावरून हाकललं आणि पुढे पुरुषच ‘ओन्नागाता’ होऊन स्त्रिया उभ्या करू लागले. बालगंधर्वांच्या काळातल्या आपल्या नाटक कंपन्यांत ज्याला ‘स्त्रीपार्टी’ म्हणत, तेच काम. 1914 मध्ये ताकाराझुका गावात उलटी गंगा वाहिली. रेल्वेला प्रवासी मिळावेत म्हणून एका कंपनीने तिथल्या पोहण्याच्या तलावाचंच नाट्यगृह केलं आणि मुलींकडून सगळ्या भूमिका करवून घेतल्या. पुरुष होणारी ती ‘ओतोकोयाकु’. तिच्यासमोरची नायिका मात्र ‘मुसुमेयाकु’. मुसुमे म्हणजे मुलगी, लेक. ‘पुरुष’ या शब्दाची जोडी ‘बाई’शी न जुळवता ‘लेकी’शी जुळवली, यात त्या काळाचं सगळं घर दिसतं.

भांड्यांची गंमत तर औरच. ‘ओकामा’ म्हणजे भात शिजवायचं भांडं. जुन्या बोलीत त्याचा अर्थ पार्श्वभाग झाला आणि तिथून तो बायकी वागणाऱ्या पुरुषाला चिकटला. त्यात हेटाळणी आहे, आजही अनेकांना तो बोचतो. मग पुरुषी राहणाऱ्या स्त्रीला काय म्हणायचं? स्वयंपाकघरातच बघितलं आणि शेजारची कढई उचलली: ‘ओनाबे’. पुढे 1990 च्या दशकात कन्साई भागातल्या काहींनी भांडीकुंडी बाजूला ठेवून स्वतःला ‘एक्स-जेंडर’ म्हणवून घ्यायला सुरुवात केली. बीजगणितातला क्ष, किंमत काढायची घाई नाही!

पण सगळ्यात चकित करतो तो ‘मी’. मराठीत मी सगळ्यांचा सारखा, गुपित फोडतं ते क्रियापद: जातो की जाते. जपानी क्रियापदाला लिंग नाही, तिथे ‘मी’च बदलतो. रांगडा पुरुष ‘ओरे’ म्हणतो, सौम्य मुलगा ‘बोकु’, बाई लाडात ‘आताशी’, आणि ‘वाताशी’ चारचौघांत कुणालाही चालतो. वाक्य संपेपर्यंत थांबायचीही गरज नाही, पहिल्याच शब्दाला माणूस कळतो किंवा कळवून देतो. काही मुली मुद्दाम ‘बोकु’ म्हणतात. त्यांना ‘बोकुक्को’ असं नाव आहे, बोकुवाली पोर. कोल्हापूरकडच्या बायका दारातून ‘आलो गं’ म्हणत आत येतात, त्यांना मात्र वेगळं नाव नाही. कोल्हापूरच्या, एवढंच.