डेमोत हॅलोजन, घरात पंप

वाळपईत जनरेटरचा धंदा पाऊस ठरवतो. गोव्यात सर्वाधिक पाऊस नोंदवणाऱ्या केंद्रांत वाळपईचं नाव नेहमीच असतं, आणि सत्तरी तालुक्यातल्या विजेच्या तारा रानातून जातात. झाड पडलं की लाईट गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून सरकलं, त्यानंतर दुकानात येणारा माणूस ‘किती केव्हीएचा घेऊ?’ असं विचारीनासा झाला. ‘शेजाऱ्याने घेतलाय त्याहून मोठा द्या,’ एवढंच म्हणायचा. जनरेटर विकण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हाचे हे काउंटरमागचे किस्से.

पहिला डेमोचा. दुकानात एका फळीवर पाचशे वॉटचे तीन हॅलोजन ठोकलेले असत. दोन केव्हीएचा जनरेटर दोरी ओढून सुरू करायचा आणि एकेक बटण दाबत जायचं. इंजिनाचा आवाज किंचित जड व्हायचा, दुकान लख्ख उजळायचं आणि गिऱ्हाईक पाकिटाला हात घालायचं. यात लबाडी काही नाही. दोन केव्हीए म्हणजे साधारण सोळाशे वॉट, ते तो देतो. फक्त हॅलोजन जे निमूट घेतो, ते मोटर घेत नाही. विहिरीचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढतो.

नगरगावच्या बाजूचे एक कुळागरवाले काका असाच डेमो पाहून जनरेटर घेऊन गेले. दुसऱ्याच दिवशी फोन : “पंप नुसता घुं घुं करतो रे!” गेलो. पंप एक एचपीचा, असं काकांनी दुकानात सांगितलेलं. पाटीवर चिखल आणि रंगाचे थर. ओल्या फडक्याने पुसली तर निघाला दीड एचपी. आता पाच केव्हीएचा घ्यावा लागणार, म्हणजे पैसेही जास्त आणि पेट्रोलही. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “लाईट असताना टाकी भरून ठेवली तर पंप लागतो कशाला?” मामला मिटला. त्याच जनरेटरवर आज फ्रीज, दिवे आणि पंखे चालतात. मिक्सर लावायचा तेव्हा पंखे बंद. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सांगू लागलो : आधी घरी जा, काय चालल्यावाचून भागणार नाही ते लिहा आणि मोटरच्या पाटीचा फोटो आणा. जनरेटरवरचा मोठ्या अक्षरांतला आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो. सतत चालवायचा आकडा खाली बारीक अक्षरांत असतो, तोच खरा.

दुसरी मागणी दबक्या आवाजात व्हायची : “दोन्ही टोकांना पिन असलेली वायर द्या.” एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटला, की सगळं घर चालू. घराला एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचचा खर्च वाचतो. एकदा नेमका एक जुना लाईनमन काउंटरवर उभा होता. तो गिऱ्हाइकाला म्हणाला, “बाब, मी सप्लाय बंद करून खांबावर चढतो. तुझा करंट मेनमधून उलटा ट्रान्सफॉर्मरला गेला, तर माझ्या हातात अकरा हजार व्होल्ट येतात.” तो माणूस चेंजओव्हरही घेऊन गेला आणि वायरमनचा नंबरही.

सत्तरीत खरी गोची पावसाची. जनरेटर भिजता कामा नये, म्हणून लोक तो पडवीत ठेवतात, काही तर न्हाणीत. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. झोपेतल्या माणसाला तो उठवत नाही. घरापासून वीसेक फुटांवर, चारी बाजूंनी उघडं छप्पर घालायचं आणि धुराचं तोंड खिडक्यांपासून फिरवायचं. खर्च पत्र्याचा आणि चार खांबांचा.

मेकॅनिकची कमाई मात्र गणेश चवथीच्या आठवड्यात. “गेल्या चवथीला फक्कड चालला, आता दोरी ओढून खांदा गेला!” वर्षभर टाकीत पडलेलं पेट्रोल शिळं होतं, त्यातलं इथेनॉल ओल धरतं आणि कार्ब्युरेटरचा जेट चोंदतो. उपाय फुकटचा आहे : ठेवून देण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा आणि महिन्यातून एकदा लोड देऊन फिरवा. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे जुने जनरेटर याहून नखरेल. बंद करण्याआधी ते पुन्हा पेट्रोलवर आणायचे. विसरलात तर सकाळी रॉकेलवर ते ढिम्म हलत नसत.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारायचो : घरी असतं कोण? दोन पंखे आणि चार दिवे एवढंच चालवायचं, तर १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर सहा-सात तास काढतो. आवाज नाही, दोरी नाही. लाईट दोन-तीन दिवस जाते तिथे छोटा जनरेटर हवा; तो फ्रीजही सांभाळतो आणि बॅटरीही भरतो. दुबईहून सुट्टीवर आलेला एक मुलगा आईसाठी सगळ्यात मोठा जनरेटर बघत होता. आईने पुढे होऊन दोरी ओढून पाहिली, हात झटकला आणि म्हणाली, “लाईट गेली की तू दुबईहून येणार काय ओढायला?” इन्व्हर्टर त्याच दुपारी बसवून दिला.