स्वस्त झालेली महाग गाडी

मोटारीची किंमत आपण एकदा देतो, पण ती चालू ठेवण्याचा खर्च मात्र ती दारात असेपर्यंत देत राहतो. या दोन रकमांचा एकमेकींशी संबंध काय? नव्या छोट्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न फारसा पडत नाही. जुन्या आलिशान गाडीच्या बाबतीत मात्र सगळा हिशेब याच प्रश्नावर अवलंबून असतो.

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या गावातही हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. उसाचे बिल जमा झालेले असते किंवा निवृत्तीची रक्कम हाती आलेली असते. अशा वेळी मोबाईलवर जाहिरात दिसते: दहा वर्षांची जर्मन गाडी, नव्या छोट्या गाडीच्या किमतीत! अशा बऱ्याच गाड्या दिल्लीकडून येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. अंमलबजावणीत पुढे फेरबदल झाले. तरी दहाव्या वर्षाकडे झुकलेली गाडी तेथे स्वस्तात निघते, हे समीकरण रूढ झाले. घरातील मुलगा म्हणतो, “बाबा, एवढ्या पैशांत अशी गाडी पुन्हा मिळायची नाही.” बाबांनी काय उत्तर द्यावे? त्यासाठी थोडे गणित आणि थोडे रसायनशास्त्र लागेल.

किंमत घसरते, खर्च घसरत नाही

समजा, एक गाडी नवी असताना ६० लाख रुपयांची होती आणि दरवर्षी तिची किंमत आदल्या वर्षीच्या किमतीच्या एक पंचमांशाने घटते. पहिल्या वर्षअखेर ती ४८ लाख होईल, दुसऱ्या वर्षअखेर ३८ लाख ४० हजार. ही भूमिती श्रेढी आहे. दहा वर्षांनंतरची किंमत म्हणजे ६० लाख गुणिले ०.८ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६ लाख ४४ हजार रुपये.

आता दुसरी बाजू पाहू. गाडी जुनी झाली म्हणून तिचा हेडलाइट, गिअरबॉक्स किंवा इंजिनाचा संगणक स्वस्त होत नाही. सुटे भाग ६० लाखांच्या गाडीसाठी बनवलेले असतात आणि त्यांच्या किमतीही त्याच पट्टीने ठरतात. देखभाल-दुरुस्तीचा वार्षिक खर्च नव्या किमतीच्या सरासरी ३ टक्के आहे असे केवळ उदाहरणासाठी धरू. तो होतो १ लाख ८० हजार रुपये. तेवढ्याच ६ लाख ४४ हजारांना नवी छोटी गाडी घेतली असती, तर याच हिशेबाने खर्च आला असता सुमारे १९ हजार. खरेदीची रक्कम सारखीच, पण पोसण्याचा खर्च नऊपटींहून अधिक! आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच.

याशिवाय सरकारी खर्च आहे. परराज्यातील गाडीसाठी तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील रस्ता कर लागतो. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी त्याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. परदेशातून आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये. दुरुस्तीच्या खर्चापुढे या रकमा लहान असल्या, तरी जाहिरातीत त्या दिसत नाहीत.

गाडीतील दोन घड्याळे

विक्रेता हमखास सांगतो, “गाडी फारशी फिरलेलीच नाही.” हे खरे असले तरी अर्धेच सांगितलेले असते. गाडीत झीज मोजणारी दोन घड्याळे असतात. पहिले किलोमीटरचे: टायरची नक्षी, ब्रेकपॅड, क्लच, बेअरिंग घर्षणाने झिजतात. दुसरे दिनदर्शिकेचे: रबर, प्लास्टिक, सील, वायरींचे आवरण, बॅटरी आणि ब्रेक ऑइल हे गाडी शेडमध्ये उभी असतानाही म्हातारे होत राहतात.

रबराच्या लांब रेणूंवर हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन यांचा मारा सतत चालू असतो. त्यामुळे रबर कडक होते आणि ताणलेल्या जागी त्याला बारीक चिरा पडतात. तापमान १० अंशांनी वाढले की अशा अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. बॉनेटखालच्या उष्णतेत नळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्या का तडकतात, ते यावरून ध्यानात येईल.

आलिशान गाडीचा मऊपणा बहुतांशी याच पदार्थांतून येतो. जीप किंवा टेम्पोखाली पोलादी पाटे असतात. पाटा तुटला तर गावातला कारागीर दुसरा बसवून देतो. १९९८ साली आलेल्या मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये पाट्यांच्या किंवा स्प्रिंगांच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या होत्या. या व्यवस्थेला एअर सस्पेन्शन म्हणतात. पिशवीला चीर पडली की हवा गळते. ती भरून काढण्यासाठी छोटा कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालू होतो. तो थोड्या वेळाच्या कामासाठी बनवलेला असल्याने तापतो आणि शेवटी जळतो. म्हणजे बिघाड एका पिशवीचा, पण बिल पिशवी आणि कॉम्प्रेसर दोहोंचे.

ब्रेक ऑइलची गोष्ट केवळ पैशांची नाही, जिवाची आहे. नावात ऑइल असले, तरी बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉलवर्गीय द्रव्य असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. आजरा-चंदगडच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हवेतील ओलाव्याबद्दल वेगळे सांगायला नको. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक ओलावा शोषल्यानंतरचा निकष १५५ अंशांचा आहे. आंबोलीचा घाट उतरताना जड गाडीचे ब्रेक तापले आणि जुने द्रव्य उकळले, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. म्हणून पायाखालचे पेडल तळापर्यंत जाते आणि चाकावर जोर येतच नाही. फारशा न फिरलेल्या गाडीचे द्रव्यही म्हणूनच मुदतीत बदलावे लागते.

साखळीचे गणित

संभाव्यतेचा धडा शिकवताना पुढचे उदाहरण उपयोगी पडेल. एखादा भाग वर्षभर बिनतक्रार चालण्याची शक्यता ९९ टक्के आहे असे माना. गाडीत असे २० भाग असतील, तर एकही न बिघडण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ८२ टक्के. भाग १०० असतील, तर ती ३७ टक्क्यांवर येते. ३०० असतील, तर केवळ ५ टक्के! प्रत्येक भाग तितकाच चांगला असूनही जास्त भागांची गाडी जास्त वेळा दुरुस्तीला जाते. आपोआप मिटणारे दार, मालिश करणारी खुर्ची, वळणाबरोबर वळणारा दिवा या प्रत्येक सोयीमागे मोटर, संवेदक आणि वायरी असतात.

त्यातही आता हे भाग सुटे राहिलेले नाहीत. बॉश कंपनीने १९८६ साली कॅन नावाची पद्धत जाहीर केली. तिच्यात गाडीतील छोटे संगणक मोजक्या सामाईक तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्यामुळे वायरींचा भार कमी झाला, पण निदान अवघड झाले. डिकीत पाणी शिरून एक जोड गंजला, तर इशारा भलत्याच भागाचा येऊ शकतो. शिवाय पुष्कळदा भंगारातून आणलेला संगणक नुसता जोडून चालत नाही. तो त्या गाडीच्या क्रमांकाशी कंपनीच्या प्रणालीतून जुळवावा लागतो. नेसरीहून अशी गाडी गडहिंग्लजमार्गे कोल्हापूरला किंवा बेळगावला न्यायची, तीही कित्येकदा दुसऱ्या वाहनावर चढवून, हा खर्च आणखी वेगळा.

मग मेबॅक कशी चालते?

येथे विद्यार्थी एक रास्त शंका काढतील. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक शाही दसऱ्याला दसरा चौकात येते. ती तर कितीतरी जुनी! फ्रीडरिशहाफेनच्या मूळ मेबॅक कारखान्याने १९२१ पासून मोटारी बनवल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्या बंद केल्या. सुटे भाग देणारा कारखाना नसताना गाडी चालते, मग दहा वर्षांची गाडी का अडते?

उत्तर पदार्थात आहे. त्या काळच्या इंजिनाचे ज्ञान धातूच्या आकारात साठवलेले असते. बुश झिजला तर मोजमाप घेऊन लेथवर नवा कातता येतो. बेअरिंगमध्ये पांढरा धातू पुन्हा ओतता येतो. पत्र्यातून गॅस्केट कापता येते. कोल्हापूरचे उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्र्या हेच काम करतात: नमुना पाहायचा, साचा करायचा, भाग घडवायचा. खर्च होतो, पण वाट असते. संगणकाच्या चिपमधील ज्ञान मात्र कॅलिपरने मोजता येत नाही. ते आज्ञावलीत असते आणि तिची किल्ली कंपनीकडे. यांत्रिक गाडी म्हातारी झाली तरी कारागिराच्या हातात राहते. इलेक्ट्रॉनिक गाडी कंपनीने पाठिंबा काढला की अनाथ होते. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा यातूनच सुरू झाली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली त्यासाठी संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

घेण्यापूर्वी

याचा अर्थ जुनी आलिशान गाडी कोणीच घेऊ नये असा नाही. तिचे पोलाद, सुरक्षितता आणि बांधणी उत्तम असू शकते. पण तुलना करताना तिची आजची किंमत नव्हे, तर नवी असतानाची किंमत समोर ठेवावी. जी नवी घेतली असती तर पोसता आली नसती, ती जुनी घेऊनही बहुधा पोसवत नाही.

वर्गात एक उपक्रम करून पाहा. विद्यार्थ्यांनी एक छोटी आणि एक आलिशान गाडी निवडावी. हेडलाइट, एका चाकाचे सस्पेन्शन, टायर आणि बॅटरी या चार वस्तूंच्या किमती दुकानातून विचारून आणाव्यात. मग चौघांची बेरीज गाडीच्या जुन्या बाजारातील किमतीशी ताडून पाहावी. शाळेसमोर उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरवरील चार आकडी तारीखही वाचायला लावावी. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण टायर जुना, असा एखादा नमुना सापडला की दोन घड्याळांची गोष्ट मुलांना आपोआप उमगेल. आणि कदाचित त्यांच्यापैकीच कोणी घरी जाऊन बाबांना तो हिशेब मांडून दाखवेल.