थ्रीडी बॉडी आली, मग डिसेक्शन हॉल कशाला?

मार्च २०२०मध्ये मेडिकल कॉलेजं बंद झाली आणि डिसेक्शन हॉलला कुलूप लागलं. केंद्राच्या सूचनांनुसार कोविडने गेलेल्यांच्या देहाचं एम्बामिंग, म्हणजे रसायनं भरून तो टिकवणं, करायचं नव्हतं. त्यामुळे देहदानही अडलं. शरीररचनाशास्त्र स्क्रीनवर आलं. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे विद्यार्थी तर घरी होलोलेन्स लावून शिकले. आता हॉल उघडलेत. पण झूम आणि अनडू करता येणारी बॉडी असताना फॉर्मॅलिनचा वास हवाय कुणाला?

मी कोड लिहितो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न: डेटा कुठला? या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला डेटासेट म्हणजे ‘व्हिजिबल ह्यूमन’. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने तो १९९४मध्ये खुला केला. एका पुरुषाचा मृतदेह गोठवला, एकेक मिलिमीटर खरवडत प्रत्येक थराचा फोटो काढला. असे १,८७१ थर एकावर एक रचले की थ्रीडी माणूस तयार! गंमत म्हणजे, या माणसाला अपेंडिक्सच नव्हतं. पुढच्या वर्षी एका स्त्रीचा डेटा आला.

म्हणजे स्क्रीनवरही मृतदेहच आहे, फक्त एकच. एकाच रेकॉर्डवर टेस्ट केलेलं सॉफ्टवेअर आमच्याकडे कुणी लाइव्ह करू देणार नाही.

आत्ता करून बघा: अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट आत वाकवा. मधोमध दोरीसारखं काही वर आलं? ती पामारिस लाँगस स्नायूची कंडरा. काहींना हा स्नायू नसतोच, काहींना एकाच हातात असतो. त्याने काही अडत नाही. पण यकृताची उजवी धमनीसुद्धा काहींमध्ये भलत्याच ठिकाणाहून, आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीतून निघते. पित्ताशय काढणाऱ्या सर्जनच्या हे लक्षात आलं नाही, तर ती कापली जाऊ शकते. शेजारच्या टेबलावरचा देह वेगळा निघतो, तेव्हा ‘पुस्तकातल्यासारखं नसतं’ हे डोक्यात पक्कं बसतं.

शिवाय ॲपमध्ये नर्व्ह पिवळीधमक असते. खऱ्या देहात ती चरबीतून बोटांनी शोधावी लागते.

स्क्रीन वाईट नाही. उजळणीला, सीटी स्कॅन वाचायला शिकायला ती उत्तमच. माझ्या मते ती टेबलाच्या आधी आणि नंतर हवी, टेबलाऐवजी नको.

टेबलासाठी मात्र देह लागतात. देहदानाचा फॉर्म मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात मिळतो. पण वेळ आल्यावर कॉलेजला फोन घरच्यांनाच करावा लागतो, तेव्हा फॉर्म भरण्याआधी घरी बोलून घ्या.