मुंबईचा रक्तक्षय, बोस्टनची केमो

‘केमो चालू करावी लागेल,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्यांच्या डोळ्यांपुढे आधी गळणारे केस आणि ओकाऱ्या येतात. हे औषध शरीरात जाऊन करतं काय, हा प्रश्न मागेच राहतो. त्याच्या उत्तराचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे.

१९२८ साली ब्रिटिश संशोधक लुसी विल्स मुंबईत आल्या. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात जडणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचं कारण त्यांना शोधायचं होतं. यीस्टपासून बनणारा मार्माइट खायला दिल्यावर या बायकांचं रक्त भरून येऊ लागलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. एका पेशीच्या दोन पेशी होताना नवा डीएनए लागतो आणि तो तयार करायला फोलेट लागतं.

पुढे बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांना दिसलं, की ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच एक रूप, दिलं तर आजार उलट फोफावतो. मग फोलेटचीच वाट अडवली तर? आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत होते. त्यांच्या चमूने तशी औषधं बनवली. त्यातलं अमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ मुलांना दिलं, १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. सुधारणा काही महिनेच टिकली, पण औषधाने ल्युकेमिया मागे हटू शकतो हे सिद्ध झालं.

केमोची बहुतेक औषधं अशीच वेगाने वाढणाऱ्या पेशींना गाठतात. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांमधला मगज इथल्या निरोगी पेशीही वेगाने वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, रक्तपेशींचे काउंट उतरतात. केमोच्या दोन सायकलींमध्ये बहुधा दोन-तीन आठवडे सोडतात ते मगजाला सावरायला वेळ मिळावा म्हणून. पुढची केमो चढवण्याआधी रक्त तपासतात. काउंट कमी आले की तारीख पुढे जाते. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच रुग्णालय गाठावं लागतं. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो.

एकाच औषधाला कर्करोगाच्या पेशी दाद देईनाशा होतात, म्हणून अनेक औषधं मिळून देतात. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन पेशीचं विभाजन मधेच थांबवतं, तर अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट फोलेटचं काम रोखतं. अशा एकत्रित उपचारांमुळे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेली बहुसंख्य मुलं चांगल्या केंद्रांमध्ये आज बरी होतात.

या मुलांचे उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतात. शेवटच्या टप्प्यात मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या बहुधा घरीच, आठवड्यातून एकदाच द्यायच्या असतात, तर सोबतची मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज. या दोन्हींची गल्लत होऊन मेथोट्रेक्सेट रोज दिलं गेलं तर ते जीवघेणं ठरू शकतं. त्यामुळे त्याचा वार ठरवून तो कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवणं हाही या उपचाराचाच भाग आहे.