अंबरनाथ की बदलापूर?

कल्याण-डोंबिवलीचे दर खिशाला जड वाटले की घर शोधणारी माणसं कर्जतच्या दिशेने पुढे सरकतात आणि दोन नावांपाशी अडतात. अंबरनाथ आणि बदलापूर एकाच तालुक्यात, एकाच रेल्वेमार्गावर आहेत. दोन्हीकडे नगरपरिषदच आहे. तरी सल्ला देणारे असे ठाम बोलतात, जणू ही दोन वेगळी जगं असावीत. माझ्या मते या दोन शहरांमध्ये आहे त्याहून जास्त फरक एकाच शहराच्या दोन टोकांमध्ये सापडतो.

“बदलापूर बुडतं, अंबरनाथ कोरडं राहतं.” या भीतीला आधार आहे. २६ जुलै २००५ला उल्हास नदी बदलापुरात शिरली होती. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. पण पाणी भरतं ते नदीकाठच्या सखल पट्ट्यात. चढावरच्या वस्त्यांना त्याची झळ पोचत नाही. अंबरनाथमध्ये शिवमंदिराला लागून वालधुनी वाहते आणि मोठ्या पावसात तीही पात्र सोडते. तेव्हा विचारायचं ते पूररेषेबद्दल. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या निवासी इमारतीला मनाई आहे, मात्र निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. म्हणजे सगळ्या मंजुऱ्या असलेली इमारतही लाल रेषेच्या आत असू शकते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून निर्धास्त होऊ नये. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास १८ टक्के भरते. एवढा धोका पत्करायचा, तर निदान जाणूनबुजून.

“नदी आणि बारवी धरण शेजारी, म्हणजे बदलापुरात पाणी मुबलक.” बारवी धरण एमआयडीसीचं आहे. बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून पाणी पुरवतं आणि अंबरनाथचं बरंचसं पाणीही तिथूनच येतं. धरण किती जवळ आहे यापेक्षा सोसायटीला अधिकृत नळजोडणी आहे का आणि उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च होतो, हे तिथल्या रहिवाशांकडून काढून घ्यावं.

“रसायनांचा वास अंबरनाथलाच.” बदलापुरातही माणकिवली-खरवई भागात एमआयडीसी आहे. जागा बघायला रविवारी दुपारी न जाता एखाद्या रात्री जा.

“बदलापूर फार लांब.” अंतर जेमतेम आठ किलोमीटर जास्त. खरा फरक गाड्यांच्या संख्येत आहे. बदलापूर, कर्जत आणि खोपोलीच्या लोकल अंबरनाथवरूनच जातात आणि अंबरनाथहून सुटणाऱ्या गाड्या त्यात वेगळ्या. पण बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बदलापूरकराला बसायला मिळतं, तीच गाडी अंबरनाथला येते तेव्हा भरलेली असते. रोज दीड तास उभं राहायचं की बसून जायचं, हा आठ किलोमीटरपेक्षा मोठा प्रश्न आहे. मधल्या चिखलोली स्थानकाच्या किंवा कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोच्या भरवशावर आज वाढीव दर मोजू नये.

“बदलापूर मुंबईबाहेर, म्हणून मोठ्या घरालाही जीएसटीची सवलत.” बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घराला एक टक्का जीएसटी लागतो, इतर घरांना पाच टक्के. किमतीची मर्यादा सगळीकडे ४५ लाखांची असली, तरी चटई क्षेत्राची महानगरांत ६० चौरस मीटर आणि इतरत्र ९० आहे. या नियमात संपूर्ण मुंबई महानगर प्रदेश महानगरच धरला जातो, त्यामुळे दोन्ही शहरांना ६०चीच, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फुटांची मर्यादा लागू होते. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घराला मात्र दोन्हीकडे जीएसटी लागत नाही.