हरकतीची मुदत

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात जमिनीबद्दल कायद्याने बोलण्याचा हक्क सगळ्यांना सारखा नाही. दक्षिणेला तापीकाठच्या केळीच्या गावांना ग्रामसभा आहे. उत्तरेला सातपुडा चढू लागले, की सत्रासेन, वैजापूरच्या बाजूला पावरा, भिल्ल, तडवी वस्त्या लागतात. तालुक्याचा हा डोंगरपट्टा अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि तिथली ग्रामसभा ‘पेसा’ची, म्हणजे आणखी वजनदार. या दोन्हींच्या मधोमध, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, चोपडा शहर आहे. तिथे पदवीधर आहेत, वकील आहेत, निवृत्त मुख्याध्यापक तर गल्लीगणिक आहेत. पण आपल्या गल्लीत काय व्हावे हे ठरवायला कायद्याने बसायची जागा त्यांच्यापैकी कुणालाच नाही.

पेसा कायदा केंद्राने १९९६ साली केला, महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये काढले. अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादित करण्याआधी ग्रामसभेचा किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीचा सल्ला घेणे त्यामुळे बंधनकारक झाले. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेतून होते. कागदावर हे उत्तम. प्रत्यक्षात दावे वर्षानुवर्षे पडून राहतात, म्हणून तर नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चाच्या झेंड्याखाली खानदेशातले आदिवासी ठाण्याहून मुंबईपर्यंत पायी गेले. तरी एक गोष्ट राहतेच. त्या माणसांकडे बोट ठेवायला कायद्यातले एक कलम होते. शहरातल्या कॉलनीवाल्याकडे तेही नाही.

असे का? १९९३ साली ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद झाली, पण ती तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांपुरती. २०११ च्या जनगणनेत चोपडा सत्तर हजारांच्या थोडे पुढे होते. म्हणजे घटनेच्या हिशेबी गाव म्हणून मोठे आणि शहर म्हणून लहान. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची हीच गत आहे. केरळने यातून वाट काढली. तिथल्या १९९४ च्या नगरपालिका कायद्यात एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या पालिकांत प्रत्येक वॉर्डाची वॉर्डसभा आहे, त्या वॉर्डातल्या सगळ्या मतदारांची. चोपडा केरळात असते तर कॉलनीतल्या माणसाला बसायला सतरंजी मिळाली असती. आपल्याकडेही २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेचे नाव आले. ती कुठे भरली, हे वाचकांनी आपापल्या नगरसेवकाला विचारून पाहावे.

आता मुळात ठरते काय, ते पाहू. शहराच्या जमिनीचा सगळा जन्म-मृत्यू ज्या कागदावर लिहिला जातो तो म्हणजे विकास आराखडा. बोलीत ‘डीपी’. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. तो अमलात आला जानेवारी १९६७ मध्ये. पालिका आधी इरादा जाहीर करते, मग आहे त्या जमीनवापराचा नकाशा होतो, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर तो टांगलेला असतो तेव्हा लोक आधी रंग शोधतात. पिवळा म्हणजे रहिवास, निळा व्यापारी, जांभळा उद्योग, फिका हिरवा शेती. ज्याचा गट नंबर पिवळ्यात आला त्याच्या घरी त्या रात्री गोड असते. मग नजर जाते ती बारीक आकड्यांकडे. एखाद्या शेतावर नुसता आकडा असतो आणि शेजारच्या तक्त्यात त्या आकड्यासमोर लिहिलेले असते: खेळाचे मैदान, प्राथमिक शाळा, भाजी मंडई, दफनभूमी. याला म्हणतात ‘आरक्षण पडले’. ‘पडले’ हे क्रियापद आपण वीज आणि दरोडा यांच्यासाठीही वापरतो.

खानदेशाला आखीव शहर नवीन नाही. इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे मुख्यालय केले आणि जुन्या गावाशेजारी सरळ रेषेतली पेठ वसवली. गल्ली नंबर एक, दोन, तीन हे धुळेकरांचे पत्ते त्याच आखणीचे. पण तिथे आखणारा एक आणि आखलेले सोसणारे सगळे, अशी व्यवस्था होती. पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, देशातला पहिला. रहिवाशाचे ऐकून घ्यायचे, हे शासनाने हळूहळू मान्य केले. १९६६ च्या कायद्यात हे ऐकणे जिथे येऊन थांबले त्या कलमाचे नाव ‘हरकती व सूचना’. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत कुणीही लेखी हरकत द्यावी. सुनावणी नियोजन समितीपुढे होते. समितीत पालिकेच्या स्थायी समितीतले तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात.

म्हणजे वीस वर्षांत एकदा, थोड्या दिवसांसाठी ही खिडकी उघडते. वीस वर्षे यासाठी, की आराखड्याची फेरतपासणी साधारण तेवढ्या काळाने व्हावी असे कायदाच म्हणतो. तेवढ्यात मूल दहावी-बारावी होऊन पुण्याला निघून गेलेले असते.

या खिडकीत रांग कुणाची लागते? ज्याच्या शेतावर आकडा पडला त्याची. हे स्वाभाविकच आहे, त्याचा जीव जातो. तो वकील करतो, मोजणीचा नकाशा जोडतो, सात-बारा जोडतो, शेजारच्या सरकारी जागेकडे बोट दाखवतो. पण ज्या मुलांसाठी मैदान ठेवले त्यांच्या वतीने ‘हे आरक्षण हलवू नका’ असा अर्ज देणारा क्वचितच सापडतो. नुकसान एकाच्या नावावर सात-बाऱ्यात लिहिलेले असते. फायदा पाचशे घरांत वाटला गेलेला, म्हणून कुणाच्याच नावावर नसतो. मोठ्या शहरात हे पारडे कधीकधी उलटते. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला तेव्हा पन्नास हजारांहून अधिक हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करायला सांगावे लागले. पण मुंबईला वर्तमानपत्रे आहेत, वास्तुविशारद आहेत, नकाशा वाचून दाखवणाऱ्या संस्था आहेत. तालुक्याच्या गावात नकाशा वाचता येणारा माणूस बहुधा ले-आऊट पाडणाऱ्याकडेच नोकरीला असतो.

बरे, हरकती फेटाळून आरक्षण कायम झाले, तरी मैदान होते का? इथे पैशांचा प्रश्न येतो, आणि पालिकेला नुसत्या शिव्या घालून तो सुटत नाही. जमीन घ्यायची तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी हद्दीत बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोजावे लागतात. ‘ब’ वर्गाच्या पालिकेची घरपट्टी-पाणीपट्टी पगार आणि वीजबिलात संपते. पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे बांधण्यासाठी विकता येणारा विकास हक्क) द्यायचा, तर तो विकत घेणार कोण? मुंबई-पुण्यात मजल्यावर मजला चढवायला टीडीआर लागतो. जिथे माणूस तळमजला बांधून वर पत्र्याची खोली काढतो, तिथे तो कागद तिजोरीतच राहतो. मग दहा वर्षे जातात. नगररचना अधिनियमाचे कलम १२७ म्हणते, आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाने खरेदी सूचना बजावावी. त्यानंतरच्या मुदतीत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मुळात सहा महिने होती, पुढे बारा झाली, २०१५ पासून चोवीस आहे. मुदत वाढत गेली, तिजोरी तशीच राहिली.

‘पावले उचलली’ म्हणजे नेमके काय, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झाले. २००७ च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात बहुमताने ठरले, की नुसता ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवणे पुरेसे नाही. संपादनाची ठोस कायदेशीर कारवाई मुदतीत सुरू व्हायला हवी. २०१३ मध्ये एका नगरपालिकेच्याच, श्रीरामपूरच्या, प्रकरणात न्यायालयाने तेच उचलून धरले. या निकालांनी जमीनमालकाला न्याय मिळाला यात शंका नाही. दहा-दहा, वीस-वीस वर्षे शेत ना विकता येते ना त्यावर बांधता येते, ही शिक्षाच आहे. पण त्यातून छोट्या गावांत एक रिवाज पडला. खरेदी सूचना आली, की सभागृहात ‘आर्थिक तरतूद नसल्याने’ असा ठराव होतो. कधी ते खरेच असते. कधी मात्र आरक्षण उठणार आहे हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाने ते शेत दोन वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेले असते, आणि तरतूद नसणे हीच त्याची गुंतवणूक असते. दोन्ही ठरावांची भाषा शब्दशः एक. बाहेरच्या माणसाला फरक कळायचा तर फेरफाराच्या नोंदी काढून तारखा लावून पाहाव्या लागतात.

मैदाने अशी गेली, की उरते ती कॉलनीतली ओपन स्पेस. आमच्या जिल्ह्यात हा शब्द इंग्रजी न शिकलेल्या आजीबाईसुद्धा वापरतात. ले-आऊट मंजूर होताना चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ३ डिसेंबर २०२० पासून मुंबई वगैरे थोडे अपवाद सोडता राज्यभर लागू झालेल्या एकत्रीकृत नियमावलीतही हे आहे. सोडणारा अर्थातच कोपरा सोडतो; नाल्याकडचा, विजेच्या तारांखालचा, वाकडा. तरी कॉलनीचा सगळा श्वास तिथेच असतो. उन्हाळ्यात सकाळी खाटा आणि जुनी लुगडी पसरून बिबडे, कुरडया वाळत घालतात, राखणीला एखादी म्हातारी आणि हातात काठी. दुपारी डीपीच्या (इथे मात्र डीपी म्हणजे विजेचा डबा) सावलीत कुत्री. संध्याकाळी स्टम्पाच्या जागी विटा. भाद्रपदात मंडप. लग्नसराईत आचाऱ्याची चूल, आणि दुसऱ्या दिवशी पत्रावळी कुणी उचलायच्या यावरून भांडण.

या जागेवर आधी कुंपण येते, मग फलक, मग ओटा. नियमावली अशा जागेत पंधरा टक्क्यांपर्यंत बांधकाम करू देते, रहिवाशांच्या उपयोगाचे. त्या पंधरा टक्क्यांत व्यायामशाळा, वाचनालय, समाजमंदिर शिरते आणि बघता बघता पंधराचे पन्नास होतात. सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. पण ओट्यावर शेंदूर लागल्यावर तक्रार करायला कोण जाणार? त्याच गल्लीत राहायचे असते. आमदार-खासदार निधीतून होणारे ‘सभागृह’ तर तक्रारीच्या पलीकडचे, कारण ते विकासकाम असते. माझे मत विचाराल तर खानदेशातल्या छोट्या शहरांनी जितकी मोकळी जागा बिल्डरांमुळे गमावली, त्याहून कमी भक्ती आणि विकासकामांमुळे गमावलेली नाही. हे लिहिल्याने कुणी खूश होणार नाही.

हे सगळे निर्णय सर्वसाधारण सभेत होतात, आणि ती सभा लोकांसाठी खुली असते. सभासदांना विषयपत्रिका सात पूर्ण दिवस आधी मिळायला हवी, विशेष सभेला तीन. विषयपत्रिका वाचणे ही एक कला आहे. ‘गट क्रमांक अमुक मधील जागेबाबत विचारविनिमय करणे’ या ओळीत काहीही दडलेले असू शकते. विषय पुकारला जातो, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’. तितक्यात चहा येतो. खरे महत्त्वाचे असेल ते पुष्कळदा शेवटी, ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून येते, म्हणजे विषयपत्रिकेत नसलेलेच. ठराव बेकायदा असेल तर तो निलंबित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली आहे. जळगावला अर्ज द्यावा लागतो, तोही इतिवृत्ताच्या नकलेसह. आणि नक्कल मिळेपर्यंत पायाचे काँक्रीट वाळलेले असते.

मधल्या काळात तर सभागृहच नव्हते. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत संपल्यावर इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होईपर्यंत प्रशासक होते. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. म्हणजे मुख्याधिकारी या नात्याने प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक या नात्याने तोच मंजूर करायचा. खुर्ची एक, शिक्के दोन. त्या वर्षांत कामे भराभर झाली असे सांगणारे व्यापारी पुष्कळ भेटतात. विरोधी नगरसेवक कितीही किरकिरा असला तरी त्याच्यामुळे विषय निदान वर्तमानपत्रात यायचा, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

पाहुणा म्हणून न्यूयॉर्कचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या शहराचे ५९ भाग, प्रत्येकाचे एक मंडळ, जास्तीत जास्त ५० बिनपगारी सदस्य. जमिनीचा वापर बदलायचा प्रस्ताव आला की तो या मंडळाकडे जातो. साठ दिवसांत लोकांसमोर सुनावणी घेऊन मत द्यायचे. मत केवळ सल्ल्याचे, ते शहरावर बंधनकारक नाही. तिथलेही लोक कुरकुरतात, की आमचे ऐकतो कोण. पण प्रस्ताव मुहल्ल्यातूनच पुढे जातो. आपल्याकडे नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करतात, शेतीचा पट्टा रहिवासात घेतात, आरक्षणाचा वापर बदलतात, तेव्हा जाहीर सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवल्याच्या नोटिशींच्या शेजारी येते. तिथेही हरकत मागवलेली असते. म्हणजे वीस वर्षांच्या मधेही एक छोटी खिडकी उघडते. ती दिसते मात्र वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्यालाच.

हरकतींच्या सुनावणीला जो जाऊन आला त्याला दोन गोष्टी कळतात. एक, ज्याने मुदतीत लेखी दिले त्यालाच बोलावतात. मागाहून घेतलेल्या शंभर सह्यांना किंमत नाही. दुसरी, समितीपुढे वेळ थोडा असतो, भाषणाला वाव नसतो. ‘जनतेच्या भावना’ ऐकून समिती मान डोलावते आणि पुढचे नाव पुकारते. त्यापेक्षा मंजूर ले-आऊटची प्रमाणित नक्कल, त्यावर लाल पेन्सिलीने दाखवलेली ओपन स्पेस, जागेची मोजणी, जवळचे दुसरे मैदान किती अंतरावर आहे त्याचा आकडा आणि कॉलनीतल्या घरांची यादी असा चार पानांचा अर्ज असेल, तर त्याची नोंद अहवालात करावीच लागते, मान्य केला नाही तरी. पोच घेताना तारीख आणि आवक क्रमांक नीट पाहून घ्यावा. पोचेवरचा शिक्का पुसट असेल तर दुसरा मारून मागावा.